किल्केनीला जाशील तेव्हा

बार्शी, 8 जुलै

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, ऑगस्टच्या पहिल्या सोमवारची सुट्टी जोडून डब्लिनहून मैत्रिणींबरोबर आयर्लंडातल्याच किल्केनीला जायचा विचार आहे, आणि एका दिवसात सगळं बघून होतं का असं विचारलंस. नुसतं बघायचं तर होतं. डब्लिनहून सहलीच्या बस येतात, दोन-तीन तास थांबतात, किल्ला दाखवतात आणि माणसं फोटो काढून परत गाडीत बसतात. तू तसं करू नयेस असं मला फार वाटतं. फोनवर एवढं सगळं सांगणं झालं नसतं, म्हणून निवांत लिहायला बसलोय. आई शेजारीच आहे, मधेमधे आठवण करून देतेय.

पहिलं सांगणं म्हणजे त्या सुट्टीत जाऊच नका. लग्नाआधी मित्रमैत्रिणींचा घोळका घेऊन मजा करायला येणाऱ्यांचं हे आवडतं गाव आहे. शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव चढतात आणि रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत गलका असतो. सप्टेंबरात मधल्या वारी रजा मिळाली तर बघ, आणि एक रात्र तरी मुक्काम कर. आम्ही जूनमध्ये गेलो तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड होता. तिकिटाची ठिकाणं संध्याकाळी बंद झाली तरी नदीकाठ, गल्ल्या, किल्ल्याची बाग यासाठी आख्खी संध्याकाळ हाताशी राहायची आणि त्याला दमडी लागत नव्हती. सप्टेंबरात एवढा उजेड मिळणार नाही, तेव्हा सकाळच्या पहिल्या गाडीनं निघ.

खर्चाचं सांगतो, कारण तुझ्या शिक्षणाचं कर्ज अजून फिटायचंय आणि तुझ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत हे आम्ही इथून निघतानाच ठरवलं होतं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वॉटरफर्डकडे जाणारी गाडी दीड तासात किल्केनीला पोचवते. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर खिडकीपेक्षा स्वस्त पडतं. बस त्याहून स्वस्त, पण मी म्हणेन ट्रेननंच जा. किल्डेअर, अथाय, कार्लो अशी स्टेशनं लागतात आणि दोन्ही बाजूंना सपाट हिरवी कुरणं. आपल्या शेतकरी डोळ्यांना तेवढं गवत बघूनच भरून येतं. राहायला होस्टेल घे. आम्ही दोन खाटांची खोली घेतली होती, तुम्हा मुलींना बंकबेडची खोली आणखी स्वस्त पडेल.

होस्टेलचं स्वयंपाकघर हा तर आम्हाला लाभच वाटला. तिथं एक फळी असते, निघून जाणारे प्रवासी त्यांचं उरलेलं सामान तिच्यावर ठेवून जातात: अर्धा पुडा तांदूळ, पास्ता, मीठ, तेलाची बाटली. ज्याला लागेल त्यानं घ्यावं. आईनं त्यातला तांदूळ घेतला, आपल्या डब्यातली मूगडाळ घातली आणि खिचडी टाकली. शेजारच्या शेगडीवर ब्राझीलची एक मुलगी अंडी तळत होती. हिंगाचा वास कसला म्हणून तिनं विचारलं, आणि शेवटी आमच्याच टेबलावर बसून खिचडी-मेतकूट खाऊन गेली. तीही शिकायला आलेली, तुझ्याच वयाची. तिची आई अजून आयर्लंडला आलेली नाही, हे कळल्यावर आईनं तिला उरलेलं मेतकूट बांधून दिलं. दुपारी बाहेर खायचं असेल तर ‘आजचं सूप’ आणि ब्राउन ब्रेड घ्या. पोट भरतं, बहुतेक वेळा शाकाहारी असतं, तरी विचारून घ्या. नळाचं पाणी पिण्याचंच असतं, बाटली विकत घेऊ नका.

आता गाव. लोकसंख्या सत्तावीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या बार्शीच्या पावपट. तरी 1609 साली इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजानं सनद देऊन त्याला शहर केलं आणि लोक आजही अभिमानानं शहरच म्हणतात. नोर नदीच्या एका अंगाला टेकाडावर किल्ला, दुसऱ्या टोकाला सेंट कॅनिसचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मोठं चर्च, आणि दोन्हींच्या मधे सगळं जुनं गाव. चालत अर्ध्या तासाच्या आत टोकाहून टोकाला जाता येतं. रिक्षा-टॅक्सी काही लागत नाही.

किल्ला तेराव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम मार्शल नावाच्या सरदारानं दगडात बांधला. 1391 मध्ये बटलर घराण्यानं तो घेतला आणि पाचशेहून जास्त वर्षं, 1935 पर्यंत, तिथं राहिले. आयर्लंडच्या बंदरात उतरणाऱ्या दारूच्या मालातला वाटा घेण्याचा वंशपरंपरागत हक्क या घराण्याकडे होता. हा हक्क 1811 साली सरकारनं परत विकत घेतला, तेव्हा 2,16,000 पौंड मोजावे लागले. ते जमेला धर आणि मग हे ऐक: 1967 साली त्याच घराण्यातल्या वारसानं हा आख्खा किल्ला गावाच्या समितीला फक्त 50 पौंडांत दिला. घर मोडकळीला आलं होतं, सामानाचा लिलाव आधीच झाला होता. गावानं ते सांभाळायचं मनावर घेतलं. आज किल्ल्यापुढच्या पन्नासेक एकरांच्या बागेत कुणीही फुकट जाऊन बसतं. बाया बाबागाड्या घेऊन येतात, पोरं चेंडू खेळतात. किल्ल्याच्या आत तिकीट आहे. रंगवलेल्या लाकडी छताचं लांबलचक चित्रदालन बघण्यासारखं आहे, नाही असं नाही. पण पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर किल्ल्यात घालू नकोस, कॅथेड्रलच्या मनोऱ्यासाठी ठेव. मूळच्या चार बुरुजांपैकी आज तीनच उभे आहेत. 1650 मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलनं वेढा घातला त्यात चौथा गेला. हे तर बाहेरूनच दिसतं. समोर रस्त्यापलीकडे किल्ल्याचे जुने तबेले आहेत. तिथं 1960 च्या दशकात सरकारनं कारागिरांसाठी डिझाइनच्या कार्यशाळा सुरू केल्या होत्या. आता दुकान आहे, महाग आहे. कलादालन मात्र फुकट आहे.

किल्ल्यावरून हाय स्ट्रीटनं खाली निघालीस की उजव्या हाताला बटर स्लिप नावाचा बोळ लागेल. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं एवढा तो अरुंद. सतराव्या शतकातला आहे. इथं बायका लोण्याच्या पाट्या घेऊन बसत. त्या बोळातून पायऱ्या उतरून खालच्या रस्त्यावर गेलीस की ॲलिस कायटेलरच्या नावाची खानावळ दिसेल. बाहेर पर्यटक फोटो काढत असतात. तूही काढ, पण आधी ही हकीकत नीट समजून घे.

ॲलिस ही चौदाव्या शतकातली सावकारीण. चार लग्नं केली, नवरे मरत गेले, पैसा वाढत गेला. सावत्र मुलांनी तक्रार केली आणि 1324 मध्ये बिशप रिचर्ड लेड्रेडनं तिच्यावर चेटूक केल्याचा खटला भरला. ॲलिसची वरपर्यंत ओळख होती. ती निसटली, पळून गेली, पुन्हा कुणाच्या हाती लागली नाही. मागं राहिली तिची मोलकरीण, पेट्रोनिला. तिला फटके मारून मारून कबुलीजबाब घेतला आणि 3 नोव्हेंबर 1324 रोजी याच गावात जिवंत जाळलं. खानावळीला नाव मालकिणीचं. मी आणि आई त्या पाटीखाली उभे होतो तेव्हा आई म्हणाली, “त्या पोरीचं नाव का नाही लावलं?” मला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही. पेट्रोनिलाच्या आई-बापाबद्दल काही कळत नाही, नुसतं ‘मीथची’ एवढंच नोंदलेलं आहे. म्हणजे तीही दुसऱ्या मुलखातून कामाला आलेली असावी. गावात फिरताना तिचं नाव तरी तुझ्या ओठावर असू दे.

या खटल्याचा एक धागा कॅथेड्रलपर्यंत जातो. ॲलिसचा मुलगा विल्यम आउटलॉ याच्यावरही आरोप होते. त्याची सुटका झाली ती प्रायश्चित्त घेण्याच्या अटीवर, आणि त्यात कॅथेड्रलच्या छपरावर शिशाचे पत्रे घालून देणं हे एक कलम होतं. पत्रे घातले गेले. पुढं 1332 मध्ये कॅथेड्रलचा मधला बुरूज कोसळला, आणि या पत्र्यांच्या वजनानंच तो कोसळला असं सांगतात. आज दिसतो तो मधला बुरूज बसका आहे, तो मागाहून बांधलेला.

कॅथेड्रलशेजारी गोल मनोरा आहे तो मात्र या सगळ्याच्याही आधीचा. नवव्या शतकातला धरतात, उंची सुमारे 30 मीटर. आयर्लंडभर असे जुने गोल मनोरे आहेत, पण वरपर्यंत चढू देतात असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. दार जमिनीपासून बरंच वर आहे आणि आत एकावर एक अशा उभ्या लाकडी शिड्या. आईनं गुडघ्यांचा विचार करून खालीच बसायचं ठरवलं, मी वर गेलो. वर वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं. तिथून किल्ला, नदी, डॉमिनिकन साधूंचा ब्लॅक ॲबी हा मठ, बियरच्या जुन्या कारखान्याची जागा, सगळं एका दमात दिसतं आणि गाव कसं वाढत गेलं ते नकाशाशिवाय कळतं. तुझ्या पायांत जोर आहे, नक्की चढ.

कॅथेड्रलच्या आत गेल्यावर मान वर करण्याआधी खाली बघ. किल्केनीच्या आसपासच्या खाणीतून काळा दगड निघतो. घासून झिलई दिली की संगमरवर वाटतो आणि लोक त्याला संगमरवरच म्हणत आले, पण तो चुनखडीचा दगड आहे. तीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी इथं उथळ, उबदार समुद्र होता. त्यातल्या शिंपल्यांचे, प्रवाळांचे आणि इतर जिवांचे अवशेष दगडात तसेच राहिले आहेत, काळ्यावर पांढरे. सांडलेल्या रांगोळीचे ठिपके राहावेत तसे. आत बटलर घराण्यातल्या पियर्स आणि त्याची बायको मार्गारेट यांची समाधी आहे, त्याच काळ्या दगडातली, दोघं शेजारी शेजारी निजलेली कोरली आहेत. आई बराच वेळ तिथं होती. मला वाटलं मूर्ती बघतेय, तर ती दगडातल्या एका गोल शिंपल्याकडे बघत होती. बाहेर आलो तेव्हा सर पडून गेली होती आणि फुटपाथच्या ओल्या फरशीवर तेच पांढरे ठिपके उमटले होते. कोरडं असताना ते आम्हाला दिसलेही नव्हते. पाऊस आला म्हणून वैतागू नकोस, तेवढ्यात खाली बघून घे.

आता ज्या कारणासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येतो. शाळेत इतिहास शिकवत असताना आयर्लंडचं होमरूल आणि आपल्याकडचं होमरूल एवढंच आम्ही सांगायचो, अर्ध्या तासात. तू त्या देशात दोन वर्षं राहतेस, पण तुझं येणंजाणं खोली, ऑफिस आणि आपल्या लोकांच्या शनिवारच्या जेवणापुरतं आहे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. परक्या गावात पाय रोवायचे तर सुरुवातीला तसंच होतं. पण ज्यांच्यात तू राहतेस त्यांच्यावर काय काय गुजरलं ते तुला कळावं, आणि ते किल्केनीत पायी चालत कळतं.

1366 साली इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचा मुलगा लायनेल यानं इथं सभा भरवून कायदे केले. आयर्लंडात येऊन वसलेल्या इंग्रजांच्या पुढच्या पिढ्या आयरिश होत चालल्या होत्या, ते थांबवायचं होतं. त्यांनी इंग्रजीच बोलायचं, नावं इंग्रजी ठेवायची, आयरिश लोकांशी सोयरीक करायची नाही, आयरिश गाणारे-बजावणारे घरात घ्यायचे नाहीत, घोड्यावर बसायचं तेसुद्धा इंग्रजी पद्धतीनं, आणि काठीनं चेंडू टोलवण्याचा त्यांचा खेळ खेळायचा नाही, त्याऐवजी धनुष्यबाण शिकायचा. हा सगळा कायदा लिहिलेला फ्रेंचमध्ये, कारण राज्यकर्त्यांची कागदोपत्रीची भाषा तीच होती. तेव्हा लोकांनी तो फारसा मानला नाही. पुढच्या शतकांत जमिनी गेल्या, सत्ता गेली, दुष्काळ पडला आणि मग भाषा खरोखरच मागं सरत गेली.

याच गावात 1594 ते 1610 च्या दरम्यान जॉन रॉथ नावाच्या व्यापाऱ्यानं वाडा बांधला. एकामागे एक तीन घरं, मधे चौक, मागं लांब बाग. मोठं खटलं, म्हणून घर वाढवत गेला. वाडा शाबूत आहे, बागही जुन्या पद्धतीनं पुन्हा लावली आहे. तिकीट आहे, पण परवडतं. 1642 नंतर काही वर्षं आयर्लंडच्या कॅथलिक पुढाऱ्यांनी किल्केनीतून स्वतःचं सरकार चालवलं, तेव्हा गावाला राजधानीचा मान होता. क्रॉमवेल आला आणि ते संपलं. मी तुला वाड्यात पाठवतोय ते वेगळ्यासाठी. एकोणिसावं शतक संपता संपता आयरिश भाषा जगवायला निघालेली गेलिक लीगची मंडळी या वाड्यात जमू लागली. 1901 मध्ये थॉमस मॅकडोना नावाचा तरुण इथल्या सेंट किअरन्स कॉलेजात शिकवायला आला. लीगच्या शाखेत जाऊन भाषेच्या कामाला लागला. पंधरा वर्षांनी, 1916 च्या उठावात, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सात जणांपैकी तो एक होता. 3 मे रोजी इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या. तू गाडीतून ज्या स्टेशनवर उतरशील त्याचं नाव मॅकडोना स्टेशन आहे. भाषेवर बंदी घालणारा कायदा ज्या गावात झाला, त्याच गावात एक मास्तर ती भाषा घेऊन उभा राहिला आणि आज गावाच्या स्टेशनला त्याचं नाव आहे. मी मास्तर आहे, मला हे फार लागलं.

आणि तो बंदी घातलेला खेळ? तोच हर्लिंग, आणि आज किल्केनीइतकं त्यात कुणी पुढं नाही. ऑल-आयर्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेची 36 विजेतेपदं आहेत जिल्ह्याच्या नावावर. संध्याकाळी किल्ल्याच्या बागेत एक आजोबा नातवाला चेंडू टाकत होते. मी उभा राहून बघतोय म्हटल्यावर त्यांनी काठी माझ्या हातात दिली. ॲश झाडाच्या बुंध्याला, जिथं खोड मुळाकडे वळतं, तिथलं लाकूड घेतात. झाडाच्या रेषा त्या वळणाबरोबरच वळलेल्या असतात, म्हणून पातं फुटत नाही. काठीवर बोट फिरवून त्यांनी मला रेष न् रेष दाखवली. आता या झाडांवर बुरशीचा रोग आलाय, चांगलं लाकूड मिळेनासं झालंय, असं सांगताना त्यांचा चेहरा उतरला. नातू तोवर भिंतीवर चेंडू मारतच होता. गावात शाळा सुटल्यावर बघ, पोरांच्या पाठीवर दप्तर आणि हातात काठी. नोलन पार्क मैदानावर एखादा स्थानिक सामना असेल तर तिकीट काढून जाच.

शेवटचं ठिकाण स्टेशनला लागूनच आहे, आणि सगळ्यात कमी लोक तिथं थांबतात. उतरल्या उतरल्या मोठा मॉल लागेल. जाताना त्यात शिरू नका. परतीच्या गाडीआधी दीड-दोन तास राखून ठेवा आणि मग जा. त्या मॉलमधल्या जुन्या दगडी इमारती म्हणजे किल्केनीचं वर्कहाउस, अनाथ-निराधारांना ठेवण्याचं सरकारी आवार. 1842 मध्ये सुरू झालं, 1,300 माणसांसाठी. तीन वर्षांनी बटाट्यावर करपा पडला. आपल्याकडे करपा पडला तर एक पीक जातं. तिथं गरिबांचं सगळं जेवणच बटाट्यावर होतं, कारण बाकीचं धान्य खंडासाठी जमीनदाराला जायचं. देशात दहा लाखांच्या आसपास माणसं उपासानं आणि साथीनं मेली, आणखी तेवढीच देश सोडून गेली. धान्य त्या काळातही बंदरांतून बाहेर जात होतं. 1847 मध्ये सरकारनं नियम केला की पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्यानं ती सोडल्याशिवाय मदत मिळणार नाही. ज्यांनी पोरांसाठी जमीन सोडली ते इथं, या आवारात आले. 1851 पर्यंत इथं चार हजारांहून जास्त माणसं कोंबलेली होती.

2005 साली मॉलचं काम चालू असताना इथं पुरलेली माणसं सापडली. किमान 970. निम्म्याहून अधिक मुलं. 1847 ते 1851 या काळातली. दफनभूमी भरून गेल्यावर आवारातच खड्डे खणून पुरलेली, पण बहुतेकांना साधी का होईना शवपेटी मिळालेली. त्यांच्या हाडांवर स्कर्व्हीच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या रोगाच्या, खुणा आहेत, बटाटा गेल्यावर शरीराला जे मिळेनासं झालं त्याच्या. 2010 मध्ये त्या सगळ्यांना जवळच पुन्हा विधिवत पुरलं आणि तिथं स्मृतिउद्यान केलं.

मुक्ता, तुला माहीत आहे, बहात्तरच्या दुष्काळात मी दुसरीत होतो. शाळेत सुकडी मिळायची, घरी लाल मिलोच्या भाकरी, त्या गिळताना घसा खरवडायचा. तुझी आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. मजुरी थोडी, ऊन मरणाचं, हाताला फोड. पण आजी मला बरोबर न्यायची. बाभळीखाली धाकट्याला झोपवून मी राखत बसायचो आणि ती अधूनमधून मान वर करून आमच्याकडे बघायची. किल्केनीच्या वर्कहाउसमध्ये नियम असा होता की दारातच नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. आई आपल्या पोराला बघू शकायची नाही. हे वाचल्यावर मला मॉलच्या त्या चकचकीत फरशीवर पुढं चालवेना. आई मला हाताला धरून बाकावर घेऊन गेली. तुझी आजी आता नाही. असती तर तिला मी हे सांगितलं असतं, आणि तिला एका शब्दाचंही स्पष्टीकरण लागलं नसतं.

आणखी एक. 1846 च्या सुमारास आयर्लंडबाहेरून जी अगदी पहिली मदत आली, त्यात कलकत्त्यात जमवलेली रक्कम होती, चौदा हजार पौंडांच्या आसपास. त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या आयरिश शिपायांचेही पैसे होते. तुझ्या ऑफिसातल्या मंडळींशी कधी बोलणं निघालं तर हे सांग. आमच्या होस्टेलच्या बाईंना मी सांगितलं, त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी त्यांच्या पणजोबांच्या भावांची गोष्ट सांगितली, कुठल्या बंदरातून कोण कुठं गेलं ती. चहाचे कप निवून गेले तरी आम्ही बोलत होतो.

बाकी इकडे पाऊस बरा आहे, तूर-सोयाबीन उगवून आलंय. आईनं थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट कुरिअरनं पाठवलंय, दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या आहेत. भाजणी होस्टेलला घेऊन जा, तव्यावर थापायला वेळ लागत नाही आणि तीन मुलींचं एका वेळचं जेवण निघतं. अंगावर रेनकोट असू दे, छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही. रजेचं नक्की झालं की गाडीचं तिकीट लगेच काढून टाक, शेवटच्या आठवड्यात भाव वाढतो.

तुझा,
बाबा